मेलेल्यांची रजा

मेजर क्यॉ स्वानं बूट वाळूत घट्ट रोवले, समुद्राकडं तोंड केलं आणि पहिलं नाव पुकारलं. आधी हुद्दा, मग नाव, मग हुकूम. "तुला नोकरीतून मोकळं केलं आहे. जागा सोड." लाट आली आणि गेली. मेजरनं पुढचं नाव घेतलं.

मागं सगळं कोळीगाव उभं होतं. फौजेतला माणूस मेला की वरच्या साहेबानं हुकूम दिल्याशिवाय त्याचा जीव जागा सोडत नाही, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. फौजेचं विमान समोरच्या पाण्यात पडलं तेव्हापासून एकही होडी खोल समुद्रात गेली नव्हती. भिक्खूंना जेवण घालून झालं, पाणी सोडून मेलेल्यांना पुण्य वाटून झालं. तरी काठाकाठानं जाळं टाकणाऱ्यांना दिवस कलताना पाण्याखालून कुणीतरी हजेरी दिल्यासारखं ऐकू येई. चुली थंडावल्या तेव्हा गावचा म्होरक्या ऊ फो ल्विन तळावर गेला आणि साहेबाच्या पायाशी डोकं टेकून आला. त्याची बायको मात्र फणकारली होती. जिवंतपणी रजा देत नव्हते, मेल्यावर तरी द्या म्हणावं, म्हणाली. आता काय ते जेवायला मागणार आहेत?

होड्या पाण्याशी आणून ठेवल्या होत्या. शेवटचं नाव झालं की निघायचं.

मेजर फक्त जवानांची नावं घेत होता. विमानात त्यांच्या बायका होत्या, कडेवरची पोरं होती. पण ती फौजेत नव्हती. तेव्हा त्यांनी आपापलं जावं.

सगळ्यांच्या पुढं दॉ म्या सैन बसली होती. वरच्या कोरड्या मुलखातली, तीळ पिकवणारी बाई. विमान पडेपर्यंत तिनं समुद्र पाहिला नव्हता. तिचा एकुलता एक मुलगा, शिपाई यान नाइंग, वळकटी घेऊन त्याच विमानानं नव्या ठाण्यावर निघाला होता. तो सापडला नाही. तेव्हापासून ती ऊ फो ल्विनच्या घरीच राहिली होती. मुलगा रोज स्वप्नात येई. चिंब गणवेशात दाराशी उभा राही. आत ये, दोन घास खा म्हटलं तर म्हणे, हुकूम नाही.

"शिपाई यान नाइंग," मेजर म्हणाला.

ती उठली आणि मेजर नि पाणी यांच्या मधे जाऊन उभी राहिली. सोडण्याआधी त्याला विमान का पडलं ते सांगा, म्हणाली.

मेजर तसा वाईट बोलला नाही. आईला हाक मारावी तशी हाक मारली. "अमे, हवा खराब होती. तसं जाहीर झालंय."

जाहीर झालंय म्हणजे खरं झालंय. न मानणाऱ्याच्या दारात फौजेची गाडी येते. पण विमान पडलं त्या दिवशी या साऱ्या किनाऱ्यावर जवळा वाळत होता, आणि आभाळाचा भरवसा नसेल तर कोळीण चटई उलगडत नाही. विमानाच्या एका पंखाखालून निघालेला धूर जवळा पालटणाऱ्या बायांनी डोळ्यांनी पाहिला होता. चौकशीला आलेल्या साहेबांना त्यांनी तो सांगितलाही. साहेब म्हणाले, ढग असेल.

"मला काहीही सांगा," दॉ म्या सैन म्हणाली. "मी जमिनीवर होते. तो वर होता, त्याला ठाऊक आहे. खोटं सांगून मेलेला सुटत नाही, साहेब."

मेजरच्या मागं जवानांची रांग उभी होती. त्यातल्या प्रत्येकाला आज ना उद्या त्याच जातीच्या विमानात बसायचं होतं. सगळे मेजरच्या पाठीकडं बघत होते. मेजरचे ओठ हलले, असं पुढं उभ्या असलेल्या काहींना वाटलं. मग त्यानं पाठ ताठ केली आणि बाईच्या डोक्यावरून समुद्राला ओरडून सांगितलं.

"शिपाई यान नाइंग. खराब हवेमुळं कामी आलास. तुला नोकरीतून मोकळं केलं आहे. जागा सोड."

ती वाळूत बसली. उरलेली नावं झाली, सलामी झाली. ऊ फो ल्विननं कोळ्यांकडं पाहिलं. एकानंही होडीला हात लावला नाही.

मेजर गाडीकडं चालत गेला. ड्रायव्हरनं सांगितलं की धावपट्टीवर विमान तयार आहे, साहेबांना आजच राजधानीत पोचवायचा निरोप आहे. तसलंच विमान, तेवढंच जुनं. आभाळ घासलेल्या थाळीसारखं लख्ख होतं. रस्त्यानं जायचं तर दोन दिवस हाडं खिळखिळी करत, वाहून गेलेले पूल चुकवत जावं लागे.

मेजर गाडीचं दार धरून उभा राहिला. त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रस्त्यानं घे," तो म्हणाला.

"साहेब, हवा तर..."

"रस्त्यानं घे म्हटलं ना."

ड्रायव्हरनं मान खाली घातली नि गाडी चालू केली. दॉ म्या सैन मेजरच्या मागोमाग तिथवर आली होती. गाडीच्या धुळीत ती जरा वेळ उभी राहिली. मग वळली, कोळ्यांमधून वाट काढत पाण्यात शिरली आणि नेसूची लुंगी गुडघ्यापर्यंत भिजली तेव्हा थांबली.

"ऐकलंस ना, लेका?" ती म्हणाली. "साहेबानं सांगितलं. जा आता."