जहाज कोणासाठी थांबतं

"हेस्केथ, अरे स्टेपनी राहिली तुझी!" क्लेमी दारातून ओरडली. कडेवर नात होती, त्यामुळे तिला धावता येईना. काल धुवायला काढलेलं ते चाक नीरफणसाच्या झाडाखाली तसंच पडलं होतं. व्हॅन तोवर उताराला लागली होती. या नवऱ्यापेक्षा त्याची व्हॅनच जास्त बोलते, असं ती नेहमी म्हणायची. व्हॅन खडखडत वळणाआड गेली.

बेटावरच्या रोझो बंदराच्या धक्क्याला चौदा मजली प्रवासी जहाज लागलं होतं. फाटकापाशी मिस लॅरॉन्ड यादी घेऊन उभी होती. जहाजाच्या सहली कोणाला द्यायच्या, हे इथं तीच ठरवते.

"चारच्या आत सगळे शिडीवर हवेत, मिस्टर हेस्केथ. साडेचारला जहाज सुटतं."

"माहीत आहे."

"टॅक्सीने आपापले गेलेले मागे राहिले, तर जहाज त्यांना टाकून जातं. पण तुमची सहल जहाजाची. तुमच्यासाठी ते थांबतं, आणि थांबलं की बोलणी मला बसतात. फेब्रुवारीत दरड पडली होती म्हणून मी गप्प बसले. आता पुन्हा झालं तर काचेवर चिकटवलेला परवान्याचा बिल्ला काढून घेईन."

त्या बिल्ल्यावर एकोणीस वर्षं हेस्केथचं घर चाललं होतं. तो गेला तर या वयात फाटकाबाहेर उभं राहून हातवारे करत गिऱ्हाईक ओढायचं, आणि ते त्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं असतं. त्याने मान डोलावली आणि अकरा उतारू मोजून आत घेतले.

पुढच्या सीटवर मिसेस प्रुइट नावाच्या आजीबाई बसल्या. जहाजाने दिलेलं पत्रक त्या मोठ्याने वाचायला लागल्या. बंदरावर उतरल्यावर काय अपेक्षा ठेवावी, ते त्यात लिहिलं होतं. "लोक प्रेमळ आहेत. रस्ते वळणांचे आहेत. परतीची वेळ मात्र आपली आपण सांभाळा."

"ऐकलंत का, ड्रायव्हर?" मागून निळ्या टोपीवाला म्हणाला.

"ऐकलं, साहेब."

आरशाला एक फोटो लटकत होता. आजीबाईंनी बोट दाखवलं. "ही कोण?"

"माझी मुलगी, केरविना. तुमच्याच जहाजावर चादरी धुते."

"मग आज भेटेल की."

"नाही. तिची पाळी चारला सुटते आणि चारलाच शिडी उचलतात. इथं आलं की दर खेपेला हेच." हेस्केथने गिअर बदलला. "आठ महिने झाले. तिची पोर चार महिन्यांची होती तेव्हा ती जहाजावर गेली. आमची बायको नातीला घेऊन फाटकापाशी उभी राहते आणि केरविना वरून चादर हलवते. कुठल्या खिडकीतून ते काही आम्हाला कळत नाही. आम्ही आपले सगळ्याच खिडक्यांना हात करतो."

"पुढच्या वेळी तरी..."

"हंगाम संपला. उद्यापासून जहाज युरोपकडे."

आजीबाईंनी पत्रक मिटून पिशवीत टाकलं.

डोंगरातल्या वॉटन वेव्हन गावच्या गरम पाण्याच्या कुंडांत उतारू गळ्यापर्यंत बुडून बसले. हेस्केथ व्हॅनपाशीच थांबला. बादलीभर पाणी आणून तो एकेक चाक धूत होता, वाकून वाकून पुसत होता. कुंडातून आजीबाई हसल्या. "लेकरासारखी अंघोळ घालताय."

पावणेतीनला सगळे ओल्या केसांनी परत आले, तर मागचं डावं चाक जमिनीला टेकलेलं.

"स्टेपनी लावा," निळ्या टोपीवाला म्हणाला.

"घरी राहिली."

"घरी? अहो, तुम्ही धंदा करता की थट्टा?"

दरीत फोन लागत नव्हता. हेस्केथ वरच्या वळणावर चढून गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. खाली आला तेव्हा केळ्यांचा एक ट्रक थांबला होता.

"पंप आहे माझ्याकडे," ट्रकवाला म्हणाला. "बघू का?"

"उपयोग नाही. टायर आतून फाटलाय. मेव्हणा चाक घेऊन येतोय."

त्याच्या कपाळावर घाम जमला होता. आजीबाईंना त्याची फार दया आली. "तुमच्यावर तर काही येणार नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"बिल्ला जाईल," तो म्हणाला.

मेव्हणा सव्वाचारला उगवला. व्हॅन धक्क्यावर पोचली तेव्हा पाच वाजले होते. जहाजाने दोनदा भोंगा दिला होता. अकरा जण शिडीकडे पळाले आणि वरच्या मजल्यांवरून लोकांनी चिडवायला टाळ्या पिटल्या. मिस लॅरॉन्डने नखाने बिल्ल्याचा कोपरा उचकटला आणि तो सबंध सोलून काढला.

शिडी वर गेली. जहाज हललं.

फाटकापाशी क्लेमी उभी होती. खांद्यावर नात झोपली होती. क्लेमीचे डोळे सुजले होते.

"तुम्ही अडकलात म्हणून शिडी खालीच ठेवली त्यांनी," ती म्हणाली. "चारला केरविना सुटली, रखवालदाराने तिला इथवर येऊ दिलं. पोरीने आधी आईला ओळखलंच नाही रे. भोकांड पसरलं. मग हळूहळू गेली तिच्याकडे. शेवटी तिच्या अंगावरच झोपली. अख्खा तास मिळाला, हेस्केथ."

तो झोपलेल्या नातीकडे बघत राहिला. क्लेमीची नजर व्हॅनच्या काचेवर गेली. बिल्ल्याच्या जागी डिंकाचा चौकोन उरला होता. तिचा चेहरा उतरला.

"माझंच चुकलं. सकाळी आणखी जोरात ओरडायला हवं होतं. तुला ऐकूच आलं नाही."

"आलं होतं," हेस्केथ म्हणाला, आणि त्याने खिशातून मागच्या डाव्या चाकाची, हवा धरून ठेवणारी व्हॉल्व्ह पिन काढून तिच्या हातावर ठेवली.