तांदळाचं बाळ

“आई, मान धर त्याची.”

सरुबाईनं हातातल्या गाठोड्याकडं बघितलं. रेशनचा तांदूळ, तिच्याच जुन्या साडीच्या तुकड्यात शिवलेला. झाडताना आडवं येत होतं म्हणून तिनं ते उचलून फळीवर ठेवायला घेतलं होतं, इतकंच. तांदळाला मान कुठून असणार? पण दुर्गानं ते तिच्या हातातून अलगद काढून घेतलं, खांद्याशी धरलं आणि थोपटलं. रागावली असती तरी चाललं असतं. ती रागावलीसुद्धा नाही.

नववीच्या वर्गाला गृहविज्ञानाच्या नलिनी मॅडमनी बालसंगोपनाचं प्रॅक्टिकल दिलं होतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या वजनाइतका तांदूळ कापडात शिवायचा आणि आठवडाभर सांभाळायचा. एकटं सोडायचं नाही, कुठंही टाकायचं नाही, बाहेर जायचं झालं तर भरवशाच्या माणसाकडं ठेवायचं. अन्न वाया गेलेलं मॅडमना खपत नसे, म्हणून शेवटच्या दिवशी सगळ्या बाळांचा शाळेत भात होणार होता. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. रोहनचं बाळ तर दुसऱ्याच दिवशी उंदरांनी कुरतडलं. मॅडमनी त्याला उभं करून विचारलं, “आणि तू कुठे होतास?” अख्खा वर्ग हसला म्हणे. दुर्गा हसली नाही.

दुर्गाचं बाळ तिच्याबरोबर शाळेत जायचं, नळावर जायचं, जेवताना तिच्या मांडीवर असायचं. ती त्याच्याशी बोलायचीसुद्धा. आईशी बोलायची ते “डबा भरलाय” आणि “पाणी गेलं” एवढंच.

सरुबाई जळत होती. त्याला दुसरा शब्द नव्हता. आमलीच्या कारखान्यांजवळ ती राहायची त्या चाळीत सवतीवर जळणाऱ्या होत्या, जावेच्या फ्रिजवर जळणाऱ्या होत्या. तांदळावर जळणारी ती एकटीच असावी. दोऱ्याच्या कंपनीत मशीनपुढं उभी असतानाही तिला ते गाठोडं दिसायचं, पोरीच्या छातीशी चिकटलेलं. दुर्गा आठ महिन्यांची असताना तिला साक्रीकडच्या गावी सासूपाशी ठेवून सरुबाई नवऱ्यामागं इथं कामाला आली होती. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा पोरीला आणलं. त्या वर्षांबद्दल मायलेकी कधी बोलल्या नाहीत. आता ही पोर काही न बोलता रोज ऐकवत होती: बघ, लेकरू असं सांभाळतात.

रविवारी दुर्गाची खो-खोची मॅच होती. सरुबाईला सुट्टी होती. तिनं लवकर अंघोळ केली, स्वयंपाक उरकला, हात मोकळे ठेवले आणि उंबऱ्याजवळ जाऊन बसली. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई पाहुण्यांची वाट बघतेय. दुर्गानं बूट घातले, बाळ उचललं, आईच्या पुढून गेली आणि शेजारच्या कोंडाबाईच्या मांडीवर ठेवून आली.

कोंडाबाईच्या. जिला स्वतःचा चष्मा कपाळावर असताना सापडत नाही.

थोडा वेळ सरुबाईनं कळ काढली. मग उठून गेलीच.

“द्या मावशी इकडं. तुमचे गुडघे दुखतात.”

“गुडघे दुखतात, मांडी नाही दुखत,” कोंडाबाई म्हणाली. ती गाठोड्याला झोके देत होती, आणि तिला मजा येत होती हे दिसत होतं. “अन् दुर्गा सांगून गेलीय, कुणाला द्यायचं नाही.”

“मी काय कुणीपण आहे का?”

“तुझं तर नाव घेऊन सांगितलंय, सरू.”

सरुबाईनं घरी येऊन भांडी घासली. झाली तशी पालथी घातली आणि उचलून पुन्हा घासली.

दुर्गा संध्याकाळी आली, जिंकून आली, गुडघा फोडून आली. आधी शेजारी गेली, बाळ घेतलं, मग घरात शिरली. सरुबाईनं तेलात हळद कालवली, पोरीसमोर बसली आणि लावायला लागली. काही बोलायचं नाही असं तिनं दिवसभर घोकलं होतं.

“मी काय ते उकिरड्यावर टाकणार होते?”

“तसं नाही गं.”

“मग कसं? घरात सख्खी आई बसलेली, अन् भरवसा कोंडाबाईवर?”

“तू आजी आहेस ना त्याची.”

“मग? आजीकडं लेकरं ठेवत नाहीत?”

“ठेवतात.” दुर्गानं बाळावरची ओढणी सारखी केली. “मग ते तिचंच होऊन जातं. आई न्यायला आली तरी दाराआड लपतं. कोंडाबाईचं काय टेन्शन नाही, तिच्याकडून कुणीपण पळत येईल.”

सरुबाईचा हळदीचा हात गुडघ्यावरच राहिला. एवढंसं पोर, त्याला काय आठवणार, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

“मला न्यायला आलीस त्या पहिल्या खेपेला तू एकटीच परत गेलीस,” दुर्गा म्हणाली. “गाडी दिसेनाशी होईस्तोवर मी बघत होते.”