मारा म्हणजे कडू

"मी आता शाळेत जाणार नाही," सहा वर्षांची मारा दप्तर फेकत म्हणाली. "हजेरीत माझं नाव आलं की पोरं 'बाईंनीच सांगितलंय' म्हणत मला बुक्के मारतात. असलं नाव का ठेवलं, पप्पा?"

शमुवेल उठला, बसला, पुन्हा उठला. बायको बाळंतपणात गेली, तेव्हा दुःखाच्या भरात त्यानंच हे नाव ठेवलं होतं. बायबलच्या हिब्रूत मारा म्हणजे कडू. लेकीला हे त्याला सांगवेना.

तिचा हात धरून तो तडक चर्चच्या पाळकांकडे गेला. "नाव बदला."

"बायबलातली मारा आधी नामी होती," पाळक म्हणाले. "नामी म्हणजे गोड."

परतताना ती पुढे धावली.

"नामी!" शमुवेलनं हाक दिली.

सहा वर्षांत पहिल्यांदाच तो लेकीला नावानं बोलावत होता.