फाटकातला बिघाड

"बिल वर गेलंय" हे तीन महिने ऐकून ट्रकवाल्याचे कान किटले होते. मंगळवारी कारखान्यात माल उतरवून तो निघाला आणि त्याची गाडी नेमकी फाटकातच बंद पडली. आत पाच गाड्या अडकल्या, बाहेर सात.

त्याने नेहमीच्या मेकॅनिकला बोलावून हळूच सांगितलं, "काही झालेलं नाही. नुसता बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहा."

मेकॅनिक तासभर तसा उभा राहिला. मॅनेजर दोनदा येऊन ओरडून गेला.

"पार्ट आणायला पैसे नाहीत, साहेब," ट्रकवाला पडेल चेहऱ्याने म्हणाला. "आमचं बिल वर गेलंय ना."

तिसऱ्या खेपेला मॅनेजर रोकड घेऊनच आला.

ट्रकवाल्याने नोटा खिशात कोंबल्या, ऐटीत केबिनमध्ये चढला आणि किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करेना. त्याने पुन्हा फिरवली. काही नाही.

त्याने खिडकीतून खाली पाहिलं. मेकॅनिकने शांतपणे मूठ उघडून आतला फ्यूज दाखवला.

"दादा, तुमची क्लचप्लेट बसवून सात महिने झाले," तो म्हणाला. "माझं बिल कुठवर गेलंय?"