गावातली मुलाखत

"कॉलेजात जाऊनही मुलाखत देता आली असती की तुला," मिसेस ह्यूइट म्हणाल्या. "मग गावातच, माझ्यासारख्या इथे नव्याने राहायला आलेल्या, कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनीकडे कशी आलीस?"

लीडियाने उत्तर आरशासमोर घोटून ठेवलं होतं. "कॉलेज लांब पडतं. शेवंडांचा हंगाम चालू आहे, बाबाचा खाडा झाला असता."

शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, धरणाऱ्या तिच्या बाबाला, अल्डनला, खाड्याचं काहीच नव्हतं. अल्डनने महिनाभर आधीच लग्नातला कोट बाहेर काढून दोरीवर टाकला होता. पोरीला कॉलेजात घेऊन चाललोय, हे बंदरावर भेटेल त्याला सांगून झालं होतं. मग एका संध्याकाळी लीडिया म्हणाली, "बाबा, लांबच्या मुलांना तिकडे बोलवतच नाहीत. इथेच ग्रंथालयात कुणीतरी माजी विद्यार्थी भेटतात." तो "बरं" म्हणाला आणि कोट पुन्हा कपाटात गेला.

खरं कारण उन्हाळ्यातलं होतं. दुसऱ्या एका कॉलेजात ती दोघं बाहेरच्या खोलीत बसली होती. तिथे सगळे आईबाप कुजबुजत बोलत होते. जन्मभर बोटीच्या इंजिनाशेजारी उभं राहिलेल्या अल्डनला कुजबुज ऐकूच यायची नाही, मग ती जमणार कुठून? "पोरी, इथे मुतारी कुठेय गं?" तो गरजला. माना वळल्या. मुलाखत घेणारे गृहस्थ दारातच थबकले. लीडियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच तिने ठरवलं, आपलं मन जिथे गुंतलंय त्या कॉलेजात बाबाला न्यायचं नाही.

"तुझ्यावर सगळ्यात जास्त छाप कुणाची?" मिसेस ह्यूइट विचारत होत्या.

विज्ञानाच्या बाईंचं नाव घ्यायचं तिचं ठरलं होतं. तोंडून भलतंच निघालं.

"बाबाची. अंडीवाली शेवंड सापडली ना, की तो तिच्या शेपटीला खाच पाडून तिला परत पाण्यात सोडतो. ती खाच दिसली की पुढे कुणीच तिला धरायची नसते. दाट धुकं असू दे, आसपास चिटपाखरू नसू दे, तो सोडतोच. मी लहान असताना एकदा म्हटलं होतं, बाबा, कोण बघतंय? तर म्हणाला, मी बघतोय ना."

मिसेस ह्यूइटनी पेन खाली ठेवलं. त्या ऐकतच राहिल्या आणि लीडिया बोलतच राहिली. बाबाने तिला जाळी विणायला शिकवलं ते, आई गेल्यावर वेण्या घालायला शिकला ते. बोलता बोलता तिला कपाटातला कोट दिसायला लागला. ज्याच्या नावावर आपण इथे भाव खातोय, त्यालाच आपण लपवलंय. तिला स्वतःची किळस आली.

मुलाखत छान झाली. मिसेस ह्यूइट तिच्याबरोबरच बाहेर पडल्या. अल्डनने ट्रक ग्रंथालयाच्या आवाराच्या पार टोकाला लावला होता, तिने सांगितलं होतं तिथेच. नेमकी मिसेस ह्यूइट यांची गाडीही शेजारीच होती. तो गुडघाभर रबरी बुटात उभा राहून काचेवरचा बर्फ खरवडत होता. त्याच्या अंगाला खारवलेल्या माशांचा वास येत होता.

"हे तुझे बाबा का गं?" मिसेस ह्यूइटनी मोठ्या उत्साहाने विचारलं.

'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? लीडियाला तेवढाच उशीर झाला.

"छे हो, बाई," अल्डन टोपी काढत म्हणाला. "मी शेजारी. हिचा बाप समुद्रावर गेलाय, म्हणून हिला सोडायला आलो."

त्याने लीडियाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. सगळं ठाऊक होतं त्याला, 'बरं' म्हणाला तेव्हापासून.

"मग परत आले की त्यांना सांगा," मिसेस ह्यूइट म्हणाल्या, "पोरगी सगळा वेळ त्यांच्याबद्दलच बोलत होती. मोठा भाग्यवान माणूस! तुम्ही ओळखत असालच की त्यांना?"

अल्डनने टोपी हातात गोल फिरवली.

"ओळखतो थोडंफार," तो कुजबुजला.