सासूबाईंची बोली

“म्हातारीच्या बोलण्यात खोट काढू नगं पोरी, ती बोलायचीच थांबंल,” शेजारच्या शालनबाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. लेकीला मोठ्या शाळेत घालायचं होतं, म्हणून तिच्यासमोर सासूबाईंचं प्रत्येक ‘हाय’ आणि ‘न्हाई’ मी दुरुस्त करत राहिले. काल विद्यापीठातली एक मुलगी आमच्या कुरुळी गावाची जुनी बोली नोंदवायला घरी आली. तिनं सासूबाईंपुढे रेकॉर्डर ठेवला. “आजी, कंपन्या यायच्या आधी इथं काय पिकायचं, ते तुमच्या बोलीत सांगा ना.” सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात लेकच म्हणाली, “आजीला नीट बोलता येत नाही.” सासूबाई हळूच म्हणाल्या, “बरोबर आहे. मला येत नाही.” अगदी शुद्ध, मी शिकवलं तसं. लाजेनं मला बसवेना. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस हल्ली गप्प झालंय का, जरा बघा.