हानुसला बोट लागत नाही

"तीनशे वर्षांत आमच्या घराण्यात कुणालाही बोट लागलेली नाही!" ऑपरेशनआधी प्रश्न विचारणाऱ्या भूलतज्ज्ञाला हानुसने फेरो बेटांच्या वतीने ठणकावलं. "बाबांना बघून समुद्रालाच मळमळतं," लेक म्हणाली. त्याच्या बोटीची आता तीच कप्तान. "उत्तम," डॉक्टर म्हणाले. "बोट लागणाऱ्यांनाच भुलीनंतर जास्त उलट्या होतात." हानुसचा चेहरा उतरला. लेक कॉफी आणायला जाताच तो कुजबुजला, "चाळीस वर्षं रोज लागली मला. हाक मारली की भाऊ रेनकोट पसरून पुढे उभा राहायचा, म्हणून कुणाला दिसलं नाही." "मग बोलवा की त्यांना!" "जानेवारीत गेला तो." डॉक्टरांनी उलटीवरचं औषध लिहिलं. "तरी थोडी होईल. घाबरू नका." "उलटीला कोण घाबरतंय? मळमळलं की सवयीने त्यालाच हाक मारतो. शुद्धीवर येताना मारीन. तेवढ्यापुरते तुम्ही पुढे उभे राहाल? कोट जरा पसरून."